भोगवटा प्रमाणपत्र

भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे इमारतीचे बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे व परवानगीतील अटींप्रमाणे पूर्ण झाले असून ती वापरात आणण्यास हरकत नाही, असे नियोजन प्राधिकरणाने (उदा. महापालिकेने) दिलेले प्रमाणपत्र. व्यवहारात त्याला ‘ओसी’ म्हणतात. महसुली अभिलेखातील भोगवटादार वर्ग १ व वर्ग २ ही जमीन धारण करण्याच्या प्रकारांची नावे असून त्यांचा या प्रमाणपत्राशी संबंध नाही.

महाराष्ट्रात बांधकाम परवानगीचा मुख्य आधार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा आहे. मुंबईत त्याच्या जोडीला मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ लागू होतो, तर मुंबई व काही अपवादात्मक क्षेत्रे वगळता राज्यात २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली अमलात आहे. नकाशे मंजूर झाल्यावर बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र (‘सीसी’) मिळते. मुंबईत त्याआधी ‘आयओडी’ (इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल) दिले जाते. नावापुरते ते नामंजुरीचे पत्र असले, तरी कोणत्या अटी पुऱ्या केल्यास काम करता येईल हे सांगणारे ते मंजुरीपत्रच असते. काम जोत्यापर्यंत आल्यावर तपासणी होते आणि त्यानंतर पुढील मजल्यांना मुभा मिळते. बांधकाम संपल्यावर वास्तुविशारद काम पूर्ण झाल्याचा दाखला सादर करतो, आणि अग्निशमन दल, पाणीपुरवठा, मलनिःसारण अशा विभागांच्या पूर्तता पाहून प्राधिकरण भोगवटा प्रमाणपत्र देते. काही मजलेच तयार असतील तर तेवढ्यांपुरते अंशतः प्रमाणपत्रही मिळू शकते. त्यामुळे एखाद्या इमारतीला ‘ओसी आहे’ असे सांगितले जाते तेव्हा ती कोणत्या मजल्यांसाठी आहे हे मूळ कागदावरूनच पाहावे लागते.

महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा अधिनियम, १९६३ विकासकाला पूर्णत्वाच्या प्रमाणपत्राशिवाय (म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्याच्या प्राधिकरणाच्या दाखल्याशिवाय) ताबा देण्यास मनाई करतो आणि त्याच वेळी खरेदीदारालाही तो घेण्यास मनाई करतो. ही दुसरी मनाई बहुतेकांना ठाऊक नसते. घरभाडे आणि कर्जाचा हप्ता एकाच वेळी भरणारे कुटुंब ‘फिट-आउट’च्या (अंतर्गत सजावटीच्या) नावाखाली मिळालेल्या किल्ल्या घेते, आणि सगळे राहायला आले की उरलेल्या अटी पुऱ्या करण्याची विकासकाची निकड संपते. अशा तडजोडीचा भार पुढे गृहनिर्माण संस्थेवर पडतो. समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात १९९७ पासून ताबा असलेल्या सदनिकाधारकांना प्रमाणपत्राअभावी मालमत्ता कर २५ टक्के आणि पाणीपट्टी ५० टक्के जादा भरावी लागत होती. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र न मिळवून देणे ही सेवेतील त्रुटी आणि सतत चालू राहणारी चूक असल्याचे ठरविले. त्यामुळे तक्रारीची मुदत टळल्याचा विकासकाचा बचाव टिकला नाही.

त्याहून गंभीर स्थिती वरळीच्या कॅम्पा कोला आवारात उद्‌भवली. तेथे पाच मजल्यांपर्यंतच मंजुरी असताना १९८० च्या दशकात कित्येक मजले वाढविण्यात आले, एक इमारत तर वीस मजल्यांपर्यंत गेली. रहिवासी तेथे वर्षानुवर्षे राहत होते; तरीही फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे वाढीव मजले नियमित करण्यास नकार दिला. करारनामा नोंदविलेला आहे, मुद्रांक शुल्क भरले आहे, बँकेने कर्ज दिले आहे, या गोष्टींनी बांधकाम अधिकृत ठरत नाही. दुय्यम निबंधक दस्ताची नोंदणी करतो. इमारतीच्या वैधतेची हमी देत नाही.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ मुळे ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक जमिनीवरील आणि आठपेक्षा अधिक सदनिका असलेल्या प्रकल्पांची नोंदणी सक्तीची झाली. १ मे २०१७ रोजी पूर्णत्वाचे प्रमाणपत्र नसलेले चालू प्रकल्पही या सक्तीत आले, आणि महारेराच्या (या कायद्याखालील राज्याच्या नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर मंजूर नकाशे व परवानग्या सर्वांना पाहता येऊ लागल्या. गुंतवणूकदाराच्या हिशेबात कराचाही भाग आहे. बांधकामाधीन घरावर वस्तू व सेवा कर लागतो (परवडणाऱ्या घरांसाठी १ टक्का, इतरांसाठी ५ टक्के), पूर्णत्वाच्या प्रमाणपत्रानंतर विकलेल्या घरावर तो लागत नाही. किमतींची तुलना करताना हा फरक धरावा लागतो.

प्रमाणपत्र मिळाल्यानंतरही इमारत मंजूर नकाशाशी बांधलेली राहते. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३४२ नुसार गिलावा, रंगकाम, फरशी बदलणे, नळ व विजेची जोडणी दुरुस्त करणे, त्याच साहित्याचे छप्पर पुन्हा घालणे ही किरकोळ दुरुस्ती असून तिला परवानगी लागत नाही. मात्र भारवाहक भिंत किंवा संरचनेचा भाग काढणे, पोटमाळा वाढविणे, घरातील जमिनीची पातळी खाली नेणे आणि लांबी-रुंदी-उंची बदलणे ही कामे या सवलतीत बसत नाहीत. जुने घर घेऊन, नूतनीकरण करून पुन्हा विकणारे येथेच हमखास अडकतात, कारण दोन खोल्यांमधली भिंत पाडून मोठा दिवाणखाना करण्याचे काम ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात फरशीच्या कामाशेजारीच लिहिलेले असते. राहत्या घरात दुकान किंवा दवाखाना काढणे हा वापरातील बदल असल्याने त्यालाही वेगळी मंजुरी लागते. गृहनिर्माण संस्थेचे ना-हरकत पत्र अशा कामांना आवश्यक असले, तरी ते महापालिकेच्या परवानगीची जागा घेत नाही. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कलम ३५३-ब खाली बंधनकारक असून पूर्वी गुपचूप काढलेल्या भिंती अनेकदा त्याच वेळी कागदावर येतात.