पाच जिभा, तीन तर्री आणि दोन अनोव्हा

२६ जानेवारीला झेंडावंदन झालं की मिसळ, हा घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीचा शिरस्ता. यंदा तीन घरांतून तर्री आली आणि पाच परीक्षकांनी दहापैकी गुण दिले. दुपारी सेक्रेटरी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आले. "सरासरी काढली हो, पण हा फरक खरा की आपला योगायोग?"

सरासऱ्या तीन किंवा जास्त असल्या की या प्रश्नाला अनोव्हा, म्हणजे प्रचरण विश्लेषण, वापरतात. दोन-दोनच्या जोड्या लावून टी-चाचण्या (दोन सरासऱ्यांची तुलना करणाऱ्या चाचण्या) करत बसलं, तर प्रत्येक चाचणीत ५ टक्के चुकीची जोखीम घेतलेली असते आणि ती साठत जाते. हे बहुतेकांना माहीत असतं. घोळ होतो तो पुढे, कारण एक्सेलच्या यादीत एक अनोव्हा नसतोच. 'सिंगल फॅक्टर' असतो आणि 'टू-फॅक्टर विदाऊट रेप्लिकेशन' असतो. दुसऱ्याचं नाव ऐकूनच माणूस पहिल्यावर क्लिक करतो. सेक्रेटरींनीही तेच केलं होतं.

खरे गुण इथे देत नाही, मला याच इमारतीत राहायचं आहे. समजायला सोपे जावेत म्हणून हे बनवलेले आकडे घ्या. एका ओळीत एक परीक्षक, आणि त्याने तीन तर्रींना दिलेले गुण:

९, ८, ७
८, ८, ५
७, ५, ६
६, ५, ४
५, ४, ३

तर्रींच्या सरासऱ्या ७, ६ आणि ५. सिंगल फॅक्टर अनोव्हा असं धरून चालतो की हे गुण पंधरा वेगवेगळ्या माणसांनी दिलेत, प्रत्येक तर्रीला पाच. मग एकूण चढउतार (सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज) ४४. त्यातला तर्रींमुळे आलेला १०, उरलेला ३४ निव्वळ गोंधळ. तर्रींचे १० भागिले २ (तीन तर्री, वजा एक), म्हणजे ५. गोंधळाचे ३४ भागिले १२ (पंधरा गुण, वजा तीन तर्री), म्हणजे साधारण २.८३. त्यांचं गुणोत्तर एफ १.७६ येतं, आणि ५ टक्क्यांच्या पातळीला ३.८९ ओलांडावे लागतात. निकाल: फरक सिद्ध होत नाही.

आता ओळी नीट पाहा. पहिल्या ओळीतल्या काकू सढळ हाताच्या, सरासरी ८. शेवटचे काका कुणालाच पाचच्या वर चढू देत नाहीत, सरासरी ४. म्हणजे ३४ च्या त्या 'गोंधळा'तले ३० हे माणसामाणसांच्या स्वभावातले आहेत, त्यांचा तर्रीशी काही संबंध नाही. टू-फॅक्टर अनोव्हा ते ३० बाजूला काढतो. उरतात ४. त्यांना ८ ने (आधीच्या १२ मधून परीक्षकांचे चार वजा) भागलं की ०.५, आणि एफ थेट १०. इथे मर्यादा ४.४६. आकडे तेच, निकाल उलटा.

ही युक्ती आली शेतातून. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात रुजू झाले. जमीन सगळीकडे सारखी कसदार नसते, म्हणून शेताचे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यात सगळी खतं किंवा वाणं चिठ्ठ्या टाकून लावायची आणि पट्ट्यांमधला फरक हिशोबातून वजा करायचा. कृषी महाविद्यालयात शिकलेल्याला विचारा, तो याला आरबीडी (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन) म्हणेल आणि पट्टे नसलेल्या मांडणीला सीआरडी (कम्प्लीटली रँडमाइज्ड डिझाइन). आमचे काका म्हणजे खडकाळ पट्टा, एवढंच.

म्हणून काय दुसरा अनोव्हा नेहमीच भारी? मुळीच नाही. पंधरा वेगळ्या लोकांनी एकेक तर्री चाखली असती, तर एका ओळीतले तीन आकडे केवळ योगायोगाने शेजारी आले असते. ओळखायची सोपी खूण: एका रकान्यातले आकडे वरखाली करून बघा. माहितीचं काही बिघडलं नाही, तर सिंगल फॅक्टर. बिघडली, म्हणजे काकूंचे गुण काकांच्या नावावर गेले, तर ओळ महत्त्वाची आहे. (एकाच माणसाला सगळं चाखायला दिलं की क्रमही बदलता ठेवावा लागतो. जाळ तर्रीनंतर जीभ पुढचीला न्याय देत नाही. आमच्याकडे हे कुणाला सुचलं नाही.)

गुणांच्या अंतरांवर भरवसा नसेल, नुसता खालीवर क्रमच खरा मानायचा असेल, तिथेही हीच जोडी आहे: वेगळी माणसं असतील तर क्रुस्कल-वॉलिस चाचणी, तीच माणसं असतील तर फ्रीडमन चाचणी. हा फ्रीडमन म्हणजे पुढे १९७६ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले मिल्टन फ्रीडमनच; चाचणी त्यांनी १९३७ मध्ये मांडली.

एफ १० आला म्हणून सेक्रेटरी बक्षीस द्यायला उठले, त्यांना बसवलं. एफ फक्त म्हणतो की तिघी सारख्या नाहीत. कोण कुणापेक्षा वेगळी, हे बघायला आता जोड्या लावायच्या, पण ५ टक्के जोखीम तिन्ही जोड्यांत वाटून, म्हणजे प्रत्येक जोडीला १.६७ टक्केच. ते केल्यावर पहिली आणि तिसरी यांच्यातला फरक टिकतो. पहिली आणि दुसरी यांच्यातला टिकत नाही.

"म्हणजे बक्षीस दोघींना?" सेक्रेटरींनी विचारलं. मी म्हटलं, ते कमिटीचं बघा.