भावना टाळणाऱ्या सवयी ओळखणे

नकोशी भावना वर येताच ती जाणवू नये म्हणून माणूस नकळत जे करू लागतो, ते लक्षात घेण्याचा सराव. वर्तनोपचारात, म्हणजे वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या मानसोपचारात, तो स्वनिरीक्षणाचा भाग मानतात. या सवयी दिसायला साध्या असतात : मोबाइल चाळत बसणे, भूक नसताना फरसाणाचा डबा उघडणे, तंबाखू मळणे, गंभीर बोलणे निघाले की विषय बदलणे.

सवयीच्या रूपावरून मात्र काही ठरत नाही. तेराव्यानंतर नातेवाईक ‘कामाला लाग, म्हणजे विसरशील’ असे सांगतात. त्या कामाने एखाद्याला खरोखर उभारी येते, तर दुसरा त्याच कामाआड वर्षानुवर्षे रडू दाबून ठेवतो. म्हणून वाईट सवयींच्या तयार याद्या इथे फारशा उपयोगी पडत नाहीत. सवयीच्या आधी काय घडले आणि नंतर कसे वाटले, हेच पाहावे लागते.

टाळले की लगेच हायसे वाटते आणि त्यानेच सवय घट्ट होते. भीतीच्या संदर्भात ही यंत्रणा मानसशास्त्रज्ञ ओ. एच. मौरर यांनी 1947 मध्ये मांडली. शिवाय दाबल्याने विचार जातही नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या 1987 मधील प्रयोगात सहभागींना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आल्यास घंटी वाजवा, असे सांगितले होते. विचार येतच राहिला. पुढे तो विचार करायची मुभा मिळाल्यावर तर तो आधी न दाबणाऱ्यांपेक्षा अधिक आला. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेझ व सहकाऱ्यांनी 1996 मध्ये अनुभव टाळण्याची ही प्रवृत्ती अनेक मनोविकारांच्या मुळाशी असल्याचे मांडले.

सरावासाठी साधी वही पुरते. एखादी नोंद अशी असते : ‘संध्याकाळी 7. भावाचा फोन, वाटणीचा विषय. छाती आवळली. फोन ठेवून ओटा घासायला घेतला. ओटा स्वच्छच होता.’ सुरुवातीला सवय मोडायची नसते, फक्त टिपायची असते. हा संयमच सर्वांत अवघड जातो.

इगतपुरीच्या धम्मगिरीत 1976 पासून चालणाऱ्या विपश्यना शिबिरांतही शरीरावरील संवेदना प्रतिक्रिया न देता पाहायला शिकवतात. तिथे दहा दिवस लिहिण्या-वाचण्याला मनाई असते, त्यामुळे वहीचा प्रश्न येत नाही. दोन्ही वाटा जवळच्या असल्या तरी विपश्यना मानसोपचाराची जागा घेत नाही. अत्याचार, अपघात यांच्या आठवणी दाबल्या गेल्या असतील, तर हा सराव एकट्याने न करता प्रशिक्षित समुपदेशकाच्या सोबतीनेच करावा.