चांगली इमारत, वाईट शेजारी : लेगोच्या मॉड्युलर इमारतींच्या क्रमवारीमागचा इतिहास

वाशी-नेरुळकडे लेगो जमवणारी मोठी माणसं एकत्र बसली की गाडी लवकरच मॉड्युलरवर येते आणि मग यादीवर. पहिल्या पाचांत कोण? ‘कॅफे कॉर्नर’ला पहिला नंबर द्यायचा, की वयाचा मान देऊन बाजूला बसवायचं? ‘मार्केट स्ट्रीट’ मुळात या मालिकेत मोजायचा का? ‘टाऊन हॉल’ खरंच इतका भारी आहे, की मिळत नाही म्हणून भारी वाटतो? हे वाद मिटत नाहीत, कारण प्रत्येक जण वेगळी फूटपट्टी घेऊन बसलेला असतो. या फूटपट्ट्या वेगवेगळ्या काळात तयार झाल्या. कोणती कधी आली हे कळलं की निम्मं भांडण समजतं.

नवख्यांसाठी आधी थोडक्यात. २००७ पासून लेगो कंपनी ही मोठ्यांसाठीची मालिका काढते आहे आणि साधारण दर वर्षी त्यात एका इमारतीची भर पडते. तळाला ३२ बाय ३२ स्टडची (स्टड म्हणजे ठोकळ्यावरचा गोल उंचवटा) बेसप्लेट, पुढे फूटपाथ, वर बहुधा तीन मजले. प्रत्येक मजला वेगळा उचलता येतो आणि बाजूच्या भिंतीतल्या पिनेने एक इमारत दुसरीला जोडता येते. तुकडे बहुतेक दोन हजारांपासून चार हजारांपर्यंत. दोन इमारती जोडल्या की रस्त्याची सुरुवात होते, आणि तिथून पुढे पगाराचं काय होतं ते घरोघरी ठाऊक आहे.

रस्त्याची ही कल्पना मालिकेपेक्षा खूप जुनी आहे. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात ओले कर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. १९४९ मध्ये कंपनीने प्लास्टिकचे जुळणारे ठोकळे आणले. त्यांचा नमुना ब्रिटिश ‘किडीक्राफ्ट’ कंपनीच्या हिलरी फिशर पेज यांच्या ठोकळ्यांवरून घेतलेला होता. हे ठोकळे सुरुवातीला फारसे चालले नाहीत. १९५४ मध्ये ओले कर्क यांचा मुलगा गॉटफ्रेड बोटीने प्रवास करत असताना खेळण्यांची खरेदी करणाऱ्या एका व्यापाऱ्याशी त्याची गाठ पडली. खेळण्यांच्या धंद्यात कशाचा कशाशी मेळ नाही, अशी त्या गृहस्थाची तक्रार होती. गॉटफ्रेडने ती मनावर घेतली आणि १९५५ मध्ये ‘टाऊन प्लॅन’ आला : रस्ते छापलेला एक पट, त्यावर मांडायची घरं, छोट्या गाड्या, झाडं.

आज आपण ओळखतो तो, आतून नळ्या असलेला ठोकळा त्यानंतरचा. त्याच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल झाला. म्हणजे शहराचा आराखडा आधी आला आणि वीट पक्की नंतर झाली. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. एकटी इमारत हे लेगोचं मूळ स्वप्न नव्हतंच. जे काही विकू ते आधी विकलेल्याशी जुळलं पाहिजे, हे मूळ सूत्र. १९५८ नंतरचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो तो त्याच हट्टामुळे.

१९७८ मध्ये हातपाय हलणारी मिनिफिग, म्हणजे लेगोची छोटी बाहुली, आली आणि शहरात माणसं राहायला लागली. राहायला म्हणजे नावापुरतीच. पुढची बरीच वर्षं या शहरात पोलीस चौकी, अग्निशमन केंद्र आणि पेट्रोल पंप यांचंच राज्य होतं. घरं पाठीमागून उघडी असत, मुलांचा हात आत जावा म्हणून. त्या सोयीत काही चूक नव्हती, पण हीच मुलं मोठी झाल्यावर त्यांना चारही बाजूंनी भिंत असलेली इमारत हवीशी झाली. परदेशातल्या क्लबांतले हौशी लोक ती स्वतःच्या डोक्याने बांधू लागले होते. प्रदर्शनात एकाचे रूळ आणि घरं दुसऱ्याच्या मांडणीला जोडता यावीत म्हणून त्यांनी आपापसांत मापंही ठरवून घेतली होती.

कंपनीचं तिकडे लक्ष गेलं ते अडचणीच्या काळात. २००३ आणि २००४ ही तोट्याची वर्षं होती. २००४ मध्ये यर्गन विग क्नुडस्टॉर्प प्रमुख झाले, तुकड्यांचे वारेमाप वाढलेले प्रकार कमी केले गेले, लेगोलँड बागांमधला मोठा हिस्सा विकला गेला. स्वतःच्या पैशाने स्वतःसाठी खेळणी घेणाऱ्या मोठ्या माणसाकडेही कंपनी याच सुमारास गांभीर्याने पाहू लागली. जेमी बेरार्ड हा अमेरिकन हौशी कलाकार कंपनीत डिझायनर झाला आणि २००७ मध्ये त्याचा ‘कॅफे कॉर्नर’ आला. तुकडे २,०५६.

पहिली फूटपट्टी इथली : दर्शनी बाजू. ‘कॅफे कॉर्नर’ म्हणजे कोपऱ्यावरचं हॉटेल, खाली कॅफे. सजावटीसाठी त्यात चक्क मिनिफिगच्या स्की वापरल्या होत्या. असल्या युक्त्या तोवर हौशी मंडळींच्या घरगुती कामात दिसत, विकतच्या खोक्यात नाही. आत मात्र काहीही नाही. मजला उचला, रिकामी जमीन. आज एखाद्याने असा सेट काढला तर लोक पैसे परत मागतील. तरी जुनी मंडळी त्याला पहिल्या तिनांतून हलू देत नाहीत, कारण पिनेची जागा, फूटपाथ, उचलता येणारे मजले हे सगळे नियम त्याने घालून दिले. त्याच वर्षीचा ‘मार्केट स्ट्रीट’ एरिक ब्रोक या डच हौशी कलाकाराच्या रचनेवरून झाला आणि ‘लेगो फॅक्टरी’ या वेगळ्या नावाखाली विकला गेला. तुकडे जेमतेम १,२४८. मोजायचा की नाही हा वाद त्यातूनच येतो. माझ्या मते मोजावा. त्याची पिन बाकीच्यांना लागते, एवढं पुरे.

२००८ चा ‘ग्रीन ग्रोसर’ आला तेव्हा दुकान भरलेलं होतं, वर जिना होता, थोडंफार सामानही. पण लोक त्याच्यावर भाळले ते फिकट राखाडी-हिरव्या रंगामुळे. त्या रंगाच्या विटा त्या काळी इतक्या विरळ होत्या की सुट्या तुकड्यांतून हा सेट नव्याने उभा करायला निघालेल्याचा खिसा तिथेच फाटतो.

दुसरी फूटपट्टी आतल्या सामानाची. २००९ च्या ‘फायर ब्रिगेड’पासून आतला भाग वाढत गेला. २०१० च्या ‘ग्रँड एम्पोरियम’मध्ये सरकते जिने आणि झुंबर आलं, २०१२ च्या ‘टाऊन हॉल’मध्ये खालीवर होणारी लिफ्ट. २०१४ च्या ‘पॅरिसियन रेस्टॉरंट’मध्ये तर स्वयंपाकघर, भाड्याची छोटी खोली आणि माळ्यावर चित्रकाराचा पसारा. या काळात मालिकेत आलेल्या माणसाला ‘कॅफे कॉर्नर’ म्हणजे भिंतींचं खोकं वाटतं, आणि त्याचं चुकतं असं म्हणता येत नाही.

तिसरी फूटपट्टी गोष्टीची. २०१५ च्या ‘डिटेक्टिव्हज ऑफिस’मध्ये गुप्तहेराच्या कचेरीबरोबर न्हावी आहे, पूल टेबल आहे, आणि या सगळ्यातून बिस्किटांच्या चोरट्या धंद्याचा धागा फिरतो. पुढच्या वर्षीच्या ‘ब्रिक बँक’मध्ये बँकेला लागून लॉन्ड्री ठेवली आहे. काळ्याचं पांढरं करण्याचा हा विनोद समजायला आपल्याकडे कोणाला वेळ लागत नाही. २०१८ च्या ‘डाउनटाऊन डायनर’ने तर मिनिफिगचे चेहरेच बदलले. त्याआधी मॉड्युलरमधला प्रत्येक जण तेच जुनं साधं हसू घेऊन उभा असायचा, चोर असो की वकील. डायनरमध्ये पहिल्यांदा वेगवेगळे हावभाव आले आणि जुन्या लोकांनी नाकं मुरडली. मला ते हसूच बरं वाटायचं, पण डायनरच्या गोलाईदार दर्शनी भागापुढे तक्रार टिकत नाही. मरीन ड्राइव्ह आणि माटुंग्याच्या आर्ट डेको इमारतींखालून लहानपणापासून फिरलेल्या माणसाला तो वाकलेला कोपरा ओळखीचा वाटतो.

आता आपल्याकडची गोष्ट, कारण इथल्या याद्या परदेशी याद्यांसारख्या का नसतात याचं उत्तर तीत आहे. नव्वदच्या दशकात ठाण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरात बांधकामाचं खेळणं म्हणजे मेकॅनिक्सच्या पट्ट्या आणि नटबोल्ट, किंवा देशी प्लास्टिकचे ठोकळे. ते कोणाचेही असले तरी घरात ‘लेगो’च. मॉड्युलर सुरू झाले तेव्हा त्यांचा गिऱ्हाईक इथे जवळपास नव्हता. नंतर कमावत्या वयात जे आले त्यांच्यासाठी जुने सेट बंद झालेले होते. मग फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं, २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. देशी उद्योगासाठी हे धोरण कसं होतं हा वेगळा विषय आहे, पण त्याने नवी मुंबईतल्या संग्रहांचा आकार ठरवला. न्यू जर्सीच्या मावशीच्या किंवा दुबईच्या भावाच्या बॅगेत जे मावतं ते इथे येतं. खोकं सपाट करून तळाशी, पिशव्या कपड्यांत गुंडाळून. ‘असेंब्ली स्क्वेअर’चे ४,००२ तुकडे आणायचे म्हणजे मावशीने स्वतःची खरेदी सोडायची. इतकं मागणं बरं दिसतं का, याचा विचार करूनही कित्येकांच्या यादीतले नंबर ठरतात.

दुसरा रस्ता नकलांचा होता. चीनमधल्या ‘लेपिन’ने जुने, बंद झालेले मॉड्युलर हुबेहूब काढले आणि ते स्वस्तात जगभर पोचले. २०१९ मध्ये शांघाय पोलिसांनी छापे घालून तो कारभार थांबवला. इथे शोकेसमध्ये दिसणारा एखादा ‘कॅफे कॉर्नर’ त्या वंशाचा असतो आणि मालक ते फारसं बोलून दाखवत नाही. लेगोची स्वतःची सुरुवात किडीक्राफ्टवरून झाली होती, हा टोमणा अशा वेळी हमखास येतो. टोमणा खरा आहे. त्या ठोकळ्याचे उरलेसुरले हक्क लेगोने १९८१ मध्ये पैसे देऊन मिटवून घेतले, हेही खरं आहे.

सरळ मार्गाने जुना सेट हवा असेल तर सुटे तुकडे गोळा करायचे. त्यासाठी २००० साली सुरू झालेला ‘ब्रिकलिंक’चा बाजार आहे, जो २०१९ मध्ये लेगोनेच विकत घेतला. तुकडे परदेशातून मागवले की पुन्हा सीमाशुल्क. त्यामुळे इथे ‘ग्रीन ग्रोसर’ पहिल्या नंबरावर ठेवणाऱ्या माणसाला मी आधी विचारतो, तुझ्याकडे आहे का? बहुतेक वेळा नसतो. न मिळालेल्या गोष्टीला आपण उगाच दोन गुण जास्त देतो.

या तीन फूटपट्ट्यांपेक्षा मला चौथी जास्त पटते आणि ती नवी मुंबईत राहूनच सुचू शकते. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराचा प्रस्ताव मांडला. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, आणि नोड, सेक्टर, प्लॉट अशा चौकटीत हे शहर वसलं. वाशी-नेरुळमधल्या सिडकोच्या जुन्या रो-हाउसच्या गल्लीत एकदा चालून पाहा. मूळ घरं एकसारखी. मग कोणी मजला चढवला, कोणी टाइल लावली, कोणी खाली क्लिनिक काढलं. भिंतीला भिंत लागून, पण प्रत्येकाचा काळ वेगळा. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये तर कोरियांनी घरांच्या भिंती सामायिक ठेवल्याच नाहीत, म्हणजे वाढवताना शेजाऱ्याची परवानगी लागू नये. अशा ठिकाणी राहणाऱ्याला घर चांगलं की वाईट हे शेजारच्या घरासकट दिसतं.

मॉड्युलरही तसेच पाहावेत. या परीक्षेत ‘असेंब्ली स्क्वेअर’ माझ्यासाठी पहिला. दहाव्या वर्धापनाचा हा सेट, बेसप्लेट ४८ बाय ३२. त्यात बेकरी, दाताचा दवाखाना, नृत्यवर्ग, फोटो स्टुडिओ आणि वर एका लेगोवेड्याचं घर. एकाच खोक्यात तीन शेजारी आणि तिघांचं आपसांत जमतं. ‘डिटेक्टिव्हज ऑफिस’ दुसरा, कुठल्याही दोघांच्या मध्ये बसवा, खपून जातो. ‘पेट शॉप’ तिसरा. बाकीच्या याद्यांत तो खाली असतो, कारण तो बराच काळ सहज मिळत राहिला. पण अर्ध्या रुंदीची दोन घरं वेगळी करून हवी तिथे घुसवता येतात, आणि एक घर रंगकाम चालू असलेलं आहे. यापेक्षा नवी मुंबईचं काय असू शकतं!

उलट २०२४ चं ‘नॅचरल हिस्टरी म्युझियम’, तुकडे ४,०१४, आत डायनासोरचा सांगाडा. बांधताना मजा येते यात शंका नाही. पण रस्त्यात ठेवलं की दोन्ही बाजूंची दुकानं बिचारी दिसतात. चांगली इमारत, वाईट शेजारी. ‘टाऊन हॉल’चंही थोडं असंच, फक्त तो म्युझियमइतका पसरत नाही.

यात जागेचा हिशोबही आहे. एका स्टडचं माप ८ मिलिमीटर, म्हणजे ३२ स्टडला २५.६ सेंटीमीटर. ‘कॅफे कॉर्नर’पासून २०२५ च्या ‘ट्यूडर कॉर्नर’पर्यंतच्या वीस इमारती एका ओळीत लावल्या, तर त्यातल्या दोन ४८ स्टडच्या धरून रस्ता जवळपास ५ मीटर ३८ सेंटीमीटर होतो. सिडकोच्या जुन्या फ्लॅटमध्ये इतकी सलग भिंत नसते, असली तर तिथे कपाट असतं. मग रस्ता वळवावा लागतो, आणि वळणावर कोपऱ्याचीच इमारत लागते. म्हणून इथल्या यादीत ‘ग्रँड एम्पोरियम’, ‘ब्रिक बँक’, ‘कॉर्नर गॅरेज’ आणि २०२२ चं तिरकं ‘बुटिक हॉटेल’ परदेशी यादीपेक्षा वर चढतात. ‘ब्रिक बँक’ मी याच कारणाने चौथी ठेवतो. खारघरला मोठ्या घरात गेलेल्यांना ते पटत नाही.