कान्फ्रांक आंतरराष्ट्रीय रेल्वे स्थानक

स्पेनच्या वेस्का प्रांतात, पिरेनीज पर्वतात फ्रान्सच्या सीमेलगत असलेले स्थानक. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे 1,200 मीटर. भोवती उभे डोंगर, अरागॉन नदीचे अरुंद खोरे आणि पायथ्याशी छोटेसे गाव. अशा आडबाजूला 241 मीटर लांबीची, राजवाड्यासारखी इमारत का बांधली, हा प्रश्न पाहणाऱ्याला पडतोच. त्याचे कारण आहे दोन देशांच्या रुळांच्या मापातला वीतभर फरक.

स्पेनमध्ये दोन रुळांमधले अंतर फ्रान्सपेक्षा सुमारे 23 सेंटिमीटरने जास्त आहे. त्यामुळे एका देशाची गाडी दुसऱ्या देशात जाऊ शकत नसे. इमारतीच्या एका अंगाला स्पेनची गाडी लागे, दुसऱ्या अंगाला फ्रान्सची. उतारू मधल्या दालनातून पारपत्र आणि जकातीची तपासणी उरकून पलीकडे जात. मालाचे मात्र हाल होते. वाघिणीतली पोती न् पेट्या उतरवून पुन्हा दुसऱ्या वाघिणीत भराव्या लागत. मीटरगेज आणि ब्रॉडगेज जिथे भेटत त्या जुन्या मनमाडला हेच चाले, म्हणून आपल्याकडच्या जुन्या माणसांना ही दगदग वेगळी समजावून सांगायला नको.

डोंगर पोखरून काढलेला, जवळपास 8 किलोमीटर लांबीचा सोमपोर्त बोगदा हा या मार्गाचा कणा. हिमकडे कोसळू नयेत म्हणून उतारांवर लाखो झाडे लावली गेली आणि नदीचे पात्रही वळवले. 18 जुलै 1928 रोजी स्पेनचे राजे तेरावे आल्फोन्सो आणि फ्रान्सचे अध्यक्ष गास्तों दुमेर्ग यांच्या उपस्थितीत स्थानक सुरू झाले. एवढा खटाटोप करूनही रहदारी अपेक्षेइतकी कधीच वाढली नाही. स्पेनच्या यादवी युद्धात तर बोगद्यात भिंत घालून तो बंद करण्यात आला.

दुसऱ्या महायुद्धात इथून स्पेन-पोर्तुगालचे टंगस्टन (शस्त्रांसाठी लागणारा धातू) जर्मनीकडे जाई आणि उलट दिशेने सोने येई. नोव्हेंबर 1942 मध्ये जर्मन सैनिक स्थानकावर आले. त्यांच्या नजरेखालीच फ्रेंच जकात अधिकारी आल्बेर ल ले यांनी अनेक ज्यूंना सीमेपार जाण्यास मदत केली आणि दोस्त राष्ट्रांसाठी निरोप पोचवले. सोन्याच्या कथा अधिक गाजल्या, पण या स्थानकाची खरी थोरवी या माणसाच्या धैर्यात आहे.

27 मार्च 1970 रोजी फ्रान्सच्या बाजूला चढावर एक मालगाडी थांबली, मागे घसरत जाऊन एका पुलावर रुळांवरून उतरली आणि तो पूल कोसळला. जीवितहानी झाली नाही. पण फ्रान्सने तो पूल पुन्हा बांधला नाही आणि सीमेपारची वाहतूक थांबली. पुढची अनेक वर्षे त्या प्रचंड इमारतीची पडझड होत राहिली. स्पेनची गाडी मात्र त्यानंतरही तिथवर येत राहिली.

2021 मध्ये शेजारी नवे, लहान स्थानक सुरू झाले आणि 2023 मध्ये जुन्या इमारतीत हॉटेल उघडले. जुना बोगदा शेजारच्या रस्ता-बोगद्यासाठी आपत्कालीन सुटकेचा मार्ग म्हणून वापरात आहे. तिथेच, डोंगराच्या पोटात, कृष्णद्रव्याचा (विश्वातल्या न दिसणाऱ्या पदार्थाचा) शोध घेणारी भूमिगत प्रयोगशाळा चालते. अवकाशातून येणारे विश्वकिरण या नाजूक मोजमापात व्यत्यय आणतात; वरचा खडक त्यातले बहुतेक अडवतो.