सरळ पाइपचा रॅक आणि वाकड्या पाइपचा रॅक: भोकं मोजू नका, पट्टी बघा

मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटला जाऊन तंबाखू ओढायच्या पाइपचा रॅक मागितला की बहुतेक वेळा जो समोर येतो तो सरळ पाइपचा असतो, आणि वाकडा बसेल का विचारलं तर उत्तर ठरलेलं, "कोई भी बैठेगा साहब". दुकानदाराच्या दृष्टीने रॅक म्हणजे रॅक, खाली खळगे, वर खाचा, मध्ये दोन खांब. दोन्ही रॅक लांबून खरंच सारखे दिसतात म्हणूनच एवढं सविस्तर लिहितोय, कारण आजोबांचे किंवा मामांचे जुने पाइप घरात असलेले लोक रॅक आणतात, पाइप ठेवतात, आणि तो दोन दिवसांत पुढे कलंडून फरशीवर. पाइपचं ब्रायर लाकूड तसं दणकट, पण स्टेमचं टोक फरशीवर आपटलं की टवका उडतो, आणि शँक तडकली तर तो पाइप गेलाच समजा.

आधी शब्द. तंबाखू भरतात तो बाउल, बाउलला जोडून निघते ती लाकडी नळी म्हणजे शँक, तिच्यात खोचलेला आणि तोंडात धरायचा तो स्टेम. सरळ पाइपमध्ये शँक आणि स्टेम एका रेषेत असतात आणि बाउलशी काटकोन करतात. वाकड्यात शँक बाउलच्या बाजूने वर चढते आणि मग स्टेम वळून आडवा होतो. वाक किती त्यावरून क्वार्टर बेंट, हाफ बेंट, फुल बेंट म्हणतात, आणि ऊम पॉल नावाच्या आकारात तर शँक बाउलला जवळजवळ समांतर असते.

आता सरळ पाइपचा रॅक कसा चालतो बघा. बाउल आडवा करून खालच्या खळग्यात टेकवायचा, त्याचं तोंड आपल्याकडे, आणि स्टेम उभा वर जाऊन मागच्या पट्टीच्या खाचेत टेकतो. सगळा खेळ त्या पट्टीवर आहे. ती उंच असते आणि मागे असते, कारण सरळ पाइप पाच-सहा इंच उंच उभा राहतो आणि पुढे अजिबात येत नाही.

हेच फुल बेंट पाइपचं करून बघा, टेबलावर, रॅक नसतानाही कळेल. बाउल तसाच आडवा, तोंड आपल्याकडे. शँक सरळ वर न जाता तिरकी आपल्याकडे येते, स्टेम त्याच्याही पुढून वर वळतो, म्हणजे टोक मागच्या पट्टीपासून दीड-दोन इंच पुढे हवेत. वर उंचीही कमी, साधारण चार-साडेचार इंच, त्यामुळे पट्टी टोकाच्या वरच राहते. एकाच वेळी दोन्हीकडून चुकलं, उंचीनेही आणि अंतरानेही, आणि वजन सगळं पुढे, मग कलंडणारच. काही जण पाइप उलटा फिरवतात, बाउलचं तोंड मागे. पाठीला फळी नसलेल्या रॅकमध्ये हाफ बेंटला हे कधीकधी जमतं, पण फळी असेल तर बाउलची कड नाहीतर स्टेमचं टोक फळीवर घासतं.

वाकड्या पाइपचा खरा रॅक म्हणजे ज्याची पट्टी खाली आणि पुढे असते. ती स्टेमचं टोक धरत नाही, वाक सुरू व्हायच्या आधी शँकला धरते. माझ्या मते हाच एकमेव फरक आहे जो बघायला हवा, बाकी लाकूड कुठलं, किती पाइपचा, पितळेची नक्षी आहे का, हे सगळं नंतर. म्हणून दुकानात जाताना आपला सगळ्यात जास्त वाकडा पाइप सोबत न्या आणि तिथेच बसवून बघा.

दुसरी एक पद्धत असते, त्यात खळगेच नसतात, नुसती पट्टी. सरळ पाइपला हा प्रकार म्हणजे स्टेम खाचेतून खाली सोडायचा आणि बाउल वर टेकवायचा. वाकडा पाइप बघून वाटतं की छत्रीच्या मुठीसारखा स्टेमच्या वाकावर लटकवून टाकू, पण ते होत नाही. छत्रीची मूठ वळून परत खाली येते, पाइपचा वाक बहुतेक वेळा आडवं होऊनच थांबतो, त्यामुळे बाउलच्या वजनाने स्टेम पट्टीवरून निसटतो. लटकवायची जागा वेगळी आहे, बाउल आणि शँक यांच्यामधली बेचकी. पाइप उलटा करा, बाउलचं तोंड खाली, आणि ती बेचकी पट्टीवर बसवा, पुढे बाउल, मागे शँक. ऊम पॉल तर असा घट्ट बसतो की हलत नाही. मात्र पट्टी बेचकीपेक्षा पातळ हवी, आठ-दहा मिलिमीटर पुरते, आणि मागे स्टेम आडवा बाहेर येतो त्यामुळे भिंत आणि पट्टी यांच्यात निदान दोन-अडीच इंच मोकळे हवेत. सरळ पाइपच्या भिंतीवरच्या रॅकला ही जागा नसतेच.

मग घरात सरळ पाइपचा रॅक आधीच आहे त्यांनी काय करायचं? फेकू नका. सुतार मिस्त्रींना सांगून दोन खांबांना पुढच्या बाजूने एक नवीन पट्टी लावून घ्या, बुडापासून अडीच-तीन इंचावर, जुन्या पट्टीच्या इंचभर पुढे, पण नेमकं माप आपल्या पाइपवरूनच घ्यायचं. रे रोडच्या लाकूड बाजारातून सागाची पट्टी आणली तर उत्तमच. खाच अठरा-वीस मिलिमीटर रुंद, पुढून उघडी. ड्रिलने गोल भोक पाडून पुढचा भाग करवतीने कापला की खाच तयार, मग आतून गोल कानस फिरवायची आणि पॉलिश पेपरने कड मारायची. ही कड खरी महत्त्वाची, बोट फिरवून बघा, बोटाला टोचली तर शँकवर रोज बारीक चरे पडणार. आत पातळ कॉर्क चिकटवा. फेल्ट दिसायला छान पण आपल्या पावसाळ्यात तो ओल धरून ठेवतो, जून ते सप्टेंबर मी तरी फेल्टला हात लावणार नाही.

प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूला लॅबचं सामान मिळतं, तिथले लाकडी टेस्ट ट्यूब स्टँड लोक पाइपसाठी नेतात. सरळ पाइपला ठीक. वाकडा स्टेम बंद भोकातून वळवत घालावा लागतो आणि दर वेळी घासतो, त्यामुळे भोकं पुढून कापून खाचा केल्याशिवाय वापरू नका.

रॅक कुठला हे ठरलं तरी जागा चुकली तर वाकड्या पाइपचं जास्त नुकसान होतं. व्हल्कनाइटचा, म्हणजे कडक रबराचा, वाकडा स्टेम हा मुळात सरळ बनवून, गरम करून वाकवलेला असतो, आणि पुन्हा तापला की तो सरळ व्हायला बघतो. मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीत, बंद काचेमागे रॅक ठेवला तर वाक उघडत जाऊ शकतो, मग खाचेचं माप गेलंच. शिवाय हे गंधक घातलेलं रबर, उजेडाने आणि दमटपणाने त्यावर हिरवट-तपकिरी थर येतो. अॅक्रिलिकच्या स्टेमला हा हिरवट थर येत नाही, पण ऊन त्यालाही नकोच. बंद कपाट हा उपाय वाटतो, पण मुंबईत बंद कपाटात बुरशी, म्हणून उन्हापासून लांब आणि हवा खेळती अशी भिंतच बरी.

एक शेवटचं पीटरसनवाल्यांसाठी, कारण इकडे जुन्या सामानात वाकडे म्हणून तेही दिसतात. डब्लिनच्या या कंपनीचं सिस्टिम पाइपचं पेटंट १८९० चं, त्यात शँकच्या आत ओल साठायला एक छोटी खळगी असते. असा पाइप बेचकीवर उलटा टांगायचा असेल तर आधी स्टेम काढून ती खळगी कापडाच्या पिळाने कोरडी करा, नाहीतर साठलेलं काळं पाणी उलटं वाहून खालच्या भिंतीवर उतरतं. बाकीच्या पाइपचा स्टेम मात्र गरम असताना कधी फिरवू नका, पूर्ण गार होऊ द्या, मग साफ करा आणि मगच रॅकवर.