मोठी पाने (संगणक स्मृती)

मोठी पाने : संगणकाच्या स्मृतीची नेहमीपेक्षा मोठ्या तुकड्यांत केलेली वाटणी. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, रॅम ‘पान’ या मापाने वाटतो. एक्स86-64 प्रोसेसरवर साधे पान 4 केबीचे असते. मोठी पाने 2 एमबी किंवा 1 जीबीची. 2 एमबीच्या पानात साधी 512 पाने बसतात.

प्रोग्रॅमला दिसणारा पत्ता आणि रॅममधला खरा पत्ता वेगळे असतात. त्यांची जुळणी पेज टेबलमध्ये, साधारणपणे चार पायऱ्या उतरून शोधावी लागते. दर वेळी हा हेलपाटा परवडत नाही, म्हणून प्रोसेसर अलीकडच्या जुळण्या टीएलबी नावाच्या छोट्या तक्त्यात जपतो. तलाठ्याचे दप्तर तालुक्याला आणि गट क्रमांकांची चिठ्ठी खिशात, असाच हा प्रकार. इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमध्ये दुसऱ्या स्तरावरच्या टीएलबीत 1536 नोंदी मावतात. साध्या पानांच्या असतील तर त्यांत 6 एमबीचाच हिशेब बसतो, 2 एमबीच्या पानांनी 3 जीबीचा. शिवाय शोधाची एक पायरी वाचते.

खरी अडचण सलग जागेची. 2 एमबीच्या पानासाठी 512 साधी पाने रॅममध्ये एकमेकांना लागून, ठरावीक सीमेपासूनच सुरू झालेली हवीत. यवतमाळ-अमरावतीकडच्या कास्तकाराला हे वेगळे सांगायला नको : वाटण्या झालेली वावरे धुरे मोडून पुन्हा एक करायला निघावे, तर मध्येच कोणाची तरी विहीर असते. पऱ्हाटी (कपाशी) उपटता येते, विहीर उचलता येत नाही. प्रोग्रॅमची बहुतेक पाने पऱ्हाटीसारखी; मजकूर दुसरीकडे उतरवून टेबलातली नोंद बदलली की झाले. कर्नलची स्वतःची बरीचशी पाने मात्र विहिरीसारखी असतात. म्हणून लिनक्स या कर्नलने 2.6.24 आवृत्तीपासून हलणारी आणि न हलणारी पाने वेगवेगळ्या पट्ट्यांत ठेवायला सुरुवात केली, 2.6.35 मध्ये (2010) विखुरलेली पाने सरकवून सलग जागा मोकळी करणारे ‘कॉम्पॅक्शन’ आले. स्मृतीची तंगी आली की वेगवेगळ्या पट्ट्यांचा नियम ढिला पडतो. एक न हलणारे पान भलत्या पट्टीत शिरते आणि ती आख्खी पट्टी मोठ्या पानासाठी बाद होते.

मोठी पाने मिळवण्याची जुनी रीत म्हणजे ती आधीच राखून ठेवणे. ही खात्रीची, पण राखलेली जागा रिकामी असली तरी इतरांना मिळत नाही. 2011 मध्ये लिनक्स 2.6.38 सोबत ‘ट्रान्सपरंट ह्यूज पेज’ आले. आंद्रेआ आर्कांजेली यांच्या या कामामुळे प्रोग्रॅमने न मागताही मोठे पान मिळू लागले. ‘केह्यूजपेजडी’ हा कर्नलचा धागा (मागे आपोआप चालणारे काम) मागाहून साधी पाने जोडत फिरतो. त्याची मूळ मांडणी फारच उदार आहे : 512 पैकी एकच पान वापरात असले, तरी तो पूर्ण 2 एमबी देऊन टाकतो. रेडिससारख्या डेटाबेसला ही सोय महागात पडू शकते. फोर्क झाल्यावर, म्हणजे चालू प्रोग्रॅमची दुसरी प्रत निघाल्यावर, लिनक्स 5.8 (2020) येण्यापूर्वी एका बाइटच्या बदलासाठीही 2 एमबीची नक्कल करावी लागे, म्हणून तिथे ती बंद ठेवण्याचा सल्ला दिला जातो. ‘ऑलवेज’ (नेहमी), ‘मॅडव्हाइज’ (प्रोग्रॅमने मागितले तरच) आणि ‘नेव्हर’ (कधीच नाही) या पर्यायांपैकी मधला बहुधा शहाणपणाचा.

गावातल्या सेवा केंद्राच्या 4 जीबी रॅमच्या संगणकावर फॉर्म भरताना यातला फरक क्वचितच जाणवेल. फायदा दिसतो तो मोठ्या डेटाबेसना आणि आभासी यंत्रांना. खिशातल्या फोनची गोष्ट निराळी. अँड्रॉइड 15 पासून मूळ पानच 16 केबीचे ठेवता येते. लिनक्स 6.8 मध्ये (2024) मधली मापेही आली : 512 पाने सलग मिळत नसतील, तर 16 पानांची 64 केबीची पट्टीही चालते.