स्पंदनशील कर्णनाद

स्पंदनशील कर्णनाद : हृदयाच्या ठोक्यांच्या लयीत कानात किंवा डोक्यात ऐकू येणारा आवाज. डॉक्टर यालाच ‘पल्सटाइल टिनिटस’ म्हणतात. मुंबईच्या ओपीडीत हीच तक्रार ‘कानात धकधक होते’, ‘सूं-सूं येतं, थांबतं, परत येतं’ किंवा ‘सोनोग्राफीत बाळाचे ठोके ऐकू येतात तसं’ अशा शब्दांत येते. नेहमीच्या कर्णनादात एकसुरी शिट्टी किंवा किणकिण असते आणि तिचे मूळ बहुधा आतल्या कानाच्या वा श्रवणमार्गाच्या बिघाडात असते. स्पंदनशील प्रकारात मात्र पुष्कळदा खराखुरा आवाज होत असतो, वाहत्या रक्ताचा. त्यामुळे ‘वयोमानाने होतं, सवय करून घ्या’ हा सल्ला तपासण्यांआधी देणे चूकच.

ओळख सोपी आहे. एका हाताची बोटे दुसऱ्या मनगटाच्या नाडीवर ठेवून आवाज तिच्याबरोबर चालतो का ते पाहावे. दादरचा पूल घाईने चढल्यावर आवाजही भराभर होऊ लागला, तर शंकेला फारशी जागा उरत नाही. नाडीशी न जुळणारी टकटक किंवा फडफड ही बहुधा टाळूच्या अथवा मधल्या कानातल्या बारीक स्नायूंची उबळ असते. तो आजार वेगळा.

मेंदूकडे जाणारी कॅरोटिड धमनी कानाच्या हाडातून, श्रवणाच्या शंखाला जवळजवळ खेटून जाते. मेंदूतून रक्त परत आणणारी मोठी शीर कानामागच्या हाडाच्या खाचेतून वळते आणि मधल्या कानाच्या तळाखालून मानेत उतरते. इतक्या जवळून रक्त वाहत असूनही निरोगी माणसाला ते ऐकू येत नाही, कारण प्रवाह सुरळीत असतो, खळाळत नाही, आणि मध्ये हाड असते. प्रवाह खळाळू लागला, मधले हाड पातळ झाले किंवा बाहेरचे आवाज अडल्याने आतले मोठे वाटू लागले की ठोके जाणवतात. कानात साचलेला मळ किंवा पडद्यामागचे पाणीही एवढ्यासाठी पुरते.

कारणांत साधी कारणे आधी तपासावीत. रक्त कमी असले, थायरॉइड वाढले असले किंवा गरोदरपण असले तर हृदय जास्त रक्त ढकलते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. एमआरआयच्या रांगेत उभे राहण्याआधी हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घेणे त्यामुळे शहाणपणाचे. उतारवयात, विशेषतः बीपी, मधुमेह किंवा धूम्रपान असल्यास, कॅरोटिड धमनीत चरबीचे थर साचून ती अरुंद झालेली असू शकते.

तरुण, वजन वाढलेल्या स्त्रियांमध्ये मात्र पहिली शंका डोक्यातल्या द्रवाचा दाब वाढल्याची घ्यावी. सोबत डोकेदुखी असते, वाकून उठताना क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते. ‘ॲसिडिटी असेल’, ‘चष्म्याचा नंबर वाढला असेल’ म्हणून ती अंगावर काढली जाते आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. डोळ्याच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून मागचा पडदा पाहिला, तर दृष्टीच्या नसेची सूज काही मिनिटांत कळते. कानाच्या तक्रारीसाठी डोळे तपासायला सांगितले की घरचे बुचकळ्यात पडतात, पण या आजारात याहून मोलाची आणि स्वस्त तपासणी क्वचितच असेल. वजन घटवणे आणि ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या हा पहिला उपचार. निवडक रुग्णांत मेंदूतून रक्त परत आणणारी शीर अरुंद झालेली असते, तिच्यात स्टेंट बसवतात.

शिरेचा आवाज ओळखण्याची एक खूण आहे : त्याच बाजूच्या मानेवर हलका दाब दिला किंवा मान वळवली की तो थांबतो. हे डॉक्टरांसमोरच करावे. उतारवयात मान जोरात दाबणे धोक्याचे. कानाच्या पडद्यामागे लालसर गोळा दिसला तर रक्तवाहिन्यांच्या गाठीची शंका घेतात. स्वतःची पावले, चावणे, अगदी बुबुळे फिरल्याचाही आवाज येत असेल, तर आतल्या कानाच्या वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरचे हाड विरलेले असू शकते. हा विकार लॉइड मायनर यांनी १९९८मध्ये वर्णिला.

सर्वांत जास्त फसवणारे कारण म्हणजे मेंदूच्या आवरणातली फिस्च्युला, म्हणजे धमनी आणि शीर यांची थेट जोडणी. काही प्रकारांत तिच्यातून मेंदूत रक्तस्राव होतो. साध्या एमआरआयमध्ये ती निसटू शकते. ‘रिपोर्ट नॉर्मल’ याचा अर्थ इतकाच, की त्या तपासणीत जे दिसू शकते ते दिसले नाही. हाडासाठी कानाचा सीटी, शिरांसाठी एमआर व्हेनोग्राफी, धमन्यांसाठी अँजिओग्राफी, आणि फिस्च्युलाचा संशय उरलाच तर जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून केलेली डीएसए (रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून काढलेली क्ष-किरण चित्रे). केसपेपरवर नुसते ‘कानात आवाज’ न लिहिता ‘नाडीबरोबर, उजव्या कानात’ असे लिहिले गेले तर रेडिओलॉजिस्ट नेमक्या जागी पाहतो. फिल्म आणि सीडी जपून ठेवावी. दुसरा डॉक्टर छापील अहवाल नव्हे, चित्रे वाचतो.

मुंबईत परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर, सायन आणि भायखळ्याचे जे. जे. या सार्वजनिक रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत. श्रवणाच्या चाचण्या वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत (स्थापना १९८३) होतात. अडचण असते ती कान, डोळा, मेंदू आणि रेडिओलॉजी या चार विभागांत कागद घेऊन फिरण्याची. स्टेथोस्कोप कानामागे आणि मानेवर लावून ऐकणारा डॉक्टर भेटला तर यातली निम्मी पायपीट वाचते. कधी कधी आवाज त्यालाही ऐकू येतो.

शहराच्या गोंगाटात हा आवाज बुडून जातो. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे, रस्त्याकडेच्या खोल्यांना ती क्वचितच लाभते. त्यामुळे गणपतीला कोकणात गेल्यावर पहिल्याच रात्री धकधक लक्षात आली, असेही घडू शकते. झोपेसाठी पंखा, हळू लावलेला रेडिओ, कुशी बदलणे किंवा उशी उंच घेणे उपयोगी पडते. एका खोलीत चौघे झोपत असतील तर उशीखाली ठेवायचा छोटा स्पीकर बरा. कानात गरम तेल घालण्याने रक्तप्रवाहात काहीच बदलत नाही, आणि पडद्याला भोक असेल तर नुकसान होते.

मानेला हिसका बसल्यावर (न्हाव्याकडून मान मोडून घेणेही त्यात आले) मानदुखीसह आवाज अचानक सुरू झाला, किंवा सोबत पापणी ओघळली, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, दिसणे कमी झाले, तर ओपीडीच्या तारखेची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टी गाठावी. धमनीचा आतला थर फाटल्याची ती लक्षणे असू शकतात.